शाळा अंगणात आली तेव्हा

गेल्या वर्षी ऐन चैत्रात आमच्या घरावर एक जबाबदारी येऊन पडली. मुलाची आणि सुनेची, दोघांचीही नोकरी नव्या शहरात जाणार होती. तिथं घर शोधायचं, संसार लावायचा, यात वर्ष जाणार हे उघड होतं. नात तेव्हा पाचवं ओलांडत होती. तिला एका शाळेतून काढून दुसरीत घालायचं, तिथं ती रुळते न रुळते तोच पहिलीसाठी पुन्हा तिसरी शाळा. त्यापेक्षा वर्षभर ती राहात्याला आजी-आजोबांजवळ राहील, असं दोघांनी ठरवलं. कायद्याची अडचण नव्हती. सक्तीचं शिक्षण सहाव्या वर्षापासून सुरू होतं आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही पहिलीसाठी सहा पूर्ण हेच वय धरलं आहे. मुलानं एवढंच सांगितलं, की वर्ष वाया जाऊ नये, बाबांनी काहीतरी आराखडा करावा.

आराखडा म्हटलं की माझ्यातला बँक अधिकारी जागा होतो. मी एक जाडजूड रजिस्टर काढलं, पट्टी घेतली आणि रकाने आखले. जून ते मार्च, महिने दहा. मुळाक्षरं अठ्ठेचाळीस, म्हणजे आठवड्याला एक आणि वर थोडी. अंक शंभरपर्यंत, महिन्याला दहा. इंग्रजी अक्षरं सव्वीस, बडबडगीतं वीस, आणि शेवटच्या रकान्यात मार्चअखेरची उजळणी. मार्चअखेर हा शब्द नोकरीनं हाडीमांसी भिनवलेला. संध्याकाळी रजिस्टर मोठ्या ऐटीत सौ.समोर ठेवलं. तिनं पानं उलटली, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की यात पोरीनं स्वतः करायचं असं काय आहे? मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री झोपही नीट लागली नाही, आणि कितीतरी वर्षांनी कोसबाडची टेकडी आठवली.

१९९० च्या सुमारास माझी नेमणूक काही महिने डहाणूच्या बाजूला होती. पेरूच्या गावचा मी, चिकूच्या मुलखात जाऊन पडलो होतो. कर्जवाटपाच्या पाहणीसाठी गावोगाव हिंडताना एकदा कोसबाडच्या टेकडीवर गेलो. तिथं एका झाडाखाली पाच-सात वारली मुलं मांडी घालून बिया निवडत बसली होती. मोठ्या एकीकडे, लहान दुसरीकडे, चपट्या तिसरीकडे. कोणी ओरडत नव्हतं, कोणी दटावत नव्हतं. ना बाक, ना फळा. मी दोन मिनिटं थांबलो आणि, आज लिहायला लाज वाटते, पण ही कसली शाळा, असं मनाशी म्हणून जीपमध्ये बसलो. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता.

ती टेकडी ज्यांच्यामुळे महाराष्ट्राला ठाऊक झाली, त्या ताराबाई मोडकांचं चरित्र मी त्या चैत्रात पुन्हा वाचायला घेतलं. पहिल्यांदा वाचलं होतं ते कादंबरीकाराच्या हावेनं, एका बाईच्या आयुष्यातलं नाट्य शोधत. ते नाट्य आहेही. रत्नाकर मतकरींना त्यावरून 'घर तिघांचं हवं' हे नाटक लिहावंसं वाटलं, यात नवल नाही. या वेळी मात्र मी आजोबा म्हणून वाचत होतो, आणि मला त्यात वेगळंच काही दिसत गेलं.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावं की नाही हा वाद ज्या काळात घरोघरी चालू होता, त्या काळात या घरात तो मिटलेला होता. १९१४ मध्ये त्या बी.ए. झाल्या. तेव्हाच्या मराठी मुलुखात पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास दोघं कायमचे वेगळे झाले. नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पदरात तान्ही मुलगी असलेली, तिशीच्या उंबरठ्यावरची बाई त्या काळात काय काय ऐकून घेत असेल, याची कल्पना आजच्या वाचकालाही करता येईल. चारचौघींसारखं माहेरी परतून राहण्याऐवजी ताराबाईंनी काठियावाडात राजकोटला नोकरी धरली. मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. जागा मानाची होती, पगार चांगला होता, राहायला घर होतं.

इथं जरा थांबायला हवं. या बाईंनी बालशिक्षणाचा विचार सुरू केला तेव्हा त्यांच्यासमोर कुठली चळवळ नव्हती, योजना नव्हती, अनुदान नव्हतं. समोर होती ती स्वतःची मुलगी. दिवसभर कॉलेजात शिक्षिका घडवायच्या आणि संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच्या लेकरासाठी योग्य अशी एकही शाळा आसपास नाही, हे पाहायचं. प्रश्न पुस्तकातून आला नव्हता, घरातून आला होता.

आणि गंमत अशी, की ज्या माणसानं त्यांना वाट दाखवली त्याचंही तसंच झालं होतं. गिजुभाई बधेका हे सौराष्ट्रातले वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला शिकवायचं कसं, या काळजीनं त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता माँटेसरीबाईंचं लिखाण हाती पडलं आणि वकिली सुटली ती सुटलीच. नानाभाई भट्टांच्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत ते गेले आणि १९२० मध्ये तिथं त्यांनी बालमंदिर उघडलं. भरघोस मिशांच्या या गृहस्थाला गुजरातनं 'मूछाळी मा', मिशीवाली आई, असं नाव दिलं. ताराबाईंनी त्यांच्या कामाबद्दल वाचलं, ते जाऊन पाहिलं, आणि १९२३ मध्ये राजकोटची प्राचार्यपदाची खुर्ची सोडून त्या भावनगरच्या बालमंदिरात दाखल झाल्या. कॉलेजातल्या तरुणींना शिकवणारी बाई अडीच-तीन वर्षांच्या पोरांमध्ये जमिनीवर येऊन बसली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर रीजनल मॅनेजरनं आपण होऊन काउंटरवर बसण्यासारखं. आमच्याकडे असं कुणी केलेलं मला आठवत नाही.

भावनगरची नऊ वर्षं ताराबाईंच्या शिकण्याची. माँटेसरी पद्धत म्हटलं की आपल्याला रंगीत पाटी लावलेली, गणवेशातली शाळा आठवते. मूळ गोष्ट वेगळी आहे. १९०७ मध्ये रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह सुरू केलं ते कामावर जाणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मूल हातांनी विचार करतं. म्हणून त्याच्या हाती एका वेळी एकच गुण वेगळा काढून द्यायचा. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे घ्या. रंग एकच, आकार एकच, फक्त मोठेपणा वेगळा, एका सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. चूक झाली तर मनोराच सांगतो, बाईंना सांगावं लागत नाही. दट्ट्यांच्या लाकडी फळीत दहा दट्टे आणि दहाच खळगे; एक चुकीच्या जागी बसला की शेवटी एक उरतो, आणि मूल आपण होऊन परत सगळे काढून बसतं. अक्षरंसुद्धा आधी बोटांनी शिकायची, खरखरीत कागदाची अक्षरं पाट्यांवर चिकटवून, त्यांवरून बोट फिरवत. लिहिणं पुढे, हाताची तयारी झाल्यावर, आपोआप येतं.

गिजुभाई आणि ताराबाईंनी यात भर घातली ती आपल्या मातीची. गोष्टी, गाणी, नाटुकली, लोककथा, मातीकाम, बागकाम. माँटेसरीबाईंना परीकथांचं फारसं प्रेम नव्हतं. या दोघांना गोष्टीवाचून मूल ही कल्पनाच सहन होत नव्हती. मार नाही, बक्षीस नाही, भीती नाही, लालूच नाही, ही त्यांची शिस्त. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी 'शिक्षण पत्रिका' मराठीतून चालवली, आणि ती शिक्षकांइतकीच आईबापांसाठी होती. मूल हट्ट का करतं, खोटं का बोलतं, जेवताना का रडतं, या घरगुती प्रश्नांवर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. घरात काय चालतं याच्याकडे पाठ करून शाळा चालवता येत नाही, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

१९३० च्या दशकात त्या मुंबईत आल्या. दादरला १९३६ मध्ये शिशुविहार सुरू झाला, बालशिक्षिका तयार करण्याचं कामही चालू झालं. हा काळ मी भराभर वाचून काढला, कारण यातला पेच मला चांगलाच परिचयाचा होता. दादरचा मध्यमवर्गीय पालक बालमंदिराचं कौतुक करायचा, आणि मूल अजून लिहीत का नाही म्हणून चिंताही करायचा. हा पालक म्हणजे मीच. तो १९३६ मध्ये होता, १९९१ मध्ये होता, आणि परवा चैत्रात पट्टी घेऊन रकाने आखत होता.

ताराबाईंची बेचैनी मात्र निराळी होती. एवढं सगळं मिळत होतं कुणाला? ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं होती त्यांना. साधनांचा एक संच घ्यायचा तर खेड्यातल्या शाळेचं वर्षाचं अंदाजपत्रक संपावं. गरिबांच्या मुलांना ही पद्धत कशी पोचणार, हा प्रश्न गांधीजींचाही होता; १९३१ मध्ये लंडनला माँटेसरीबाईंच्या संस्थेत बोलताना त्यांनी भारतातल्या गरीब मुलांचा विषय काढला होता. १९४५ मध्ये नई तालीमचा विचार शाळेच्या वयाच्या अलीकडे, अगदी लहान मुलांपर्यंत नेला गेला. त्याच वर्षी ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. वय त्रेपन्न. हाताशी आलेल्या सहकारी होत्या अनुताई वाघ, वय पस्तीस, लहानपणीच वैधव्य आलेल्या, शिक्षिकेची नोकरी केलेल्या. दोघींनी तिथं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं.

१९४५ मध्ये तो मुलूख काय होता हे ध्यानात घ्यायला हवं. याच वर्षी, याच पट्ट्यात, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली. सावकार आणि जमीनदार यांच्या कात्रीत सापडलेली माणसं. त्यांच्या पोरांना गुलाबी मनोऱ्याचं काय सांगायचं?

ताराबाईंनी मनोरा बाजूला ठेवला, त्यातलं तत्त्व तेवढं घेतलं. समुद्राकाठी शंख-शिंपल्यांना तोटा नव्हता. लहानमोठे शिंपले ओळीनं लावले की तोच मनोरा झाला. बिया, चिंचोके, गोटे, पानं, पिसं. रंग ओळखायला फुलं, वास ओळखायला फुलंच, खरखरीत आणि गुळगुळीत कळायला झाडाची साल आणि नदीतला गोटा. मोजायला शिंपले, ठेवायला करवंट्या. साधनांचा खर्च जवळपास शून्यावर आला, आणि मूल ज्या वस्तूंमध्ये वाढलं त्यांच्याशीच त्याची नव्यानं ओळख व्हायला लागली. बालवाडीचा दिवस स्वच्छतेनं सुरू व्हायचा. नखं काढायची, केस विंचरायचे, अंघोळ घालायची. या कामाला त्यांनी कमी लेखलं नाही. तेही शिक्षणच होतं.

आणि तरी काम फसत होतं. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुलं येईनात. कारणं शोधायला फार दूर जावं लागलं नाही. आई पहाटे मजुरीला जाते. सहा-सात वर्षांची थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली असते. ती आली तर धाकट्याला कोण बघणार? अंगात घालायला सदरा नाही. पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांची भीती वाटते. शिवाय शाळा म्हणजे मार, हे गावानं कधीचं ठरवून टाकलेलं.

आपण काय केलं असतं? पटावरची संख्या कमी म्हणून शाळा बंद केली असती, किंवा पालकांच्या अज्ञानावर एक लेख लिहिला असता. ताराबाईंनी उलटा हिशेब मांडला. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीवर जायला लागल्या. कुणाच्या तरी घरासमोरचं अंगण झाडायचं, सडा घालायचा, तिथंच मुलं गोळा करायची. धाकटा भाऊ कडेवर असेल तर त्याच्यासकट या. गाणं, गोष्ट, शिंपले, नखं, केस, सगळं त्या अंगणात. दाराशी उभी असलेली आजी बघायची, भाकरी थापणारी आई बघायची. आज बाईंनी केलं ते उद्या घरच्याही करू शकतील, कारण त्यात घरात नसलेलं असं काहीच नव्हतं. गावात एक मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यावस्त्यांवर या अंगणवाड्या, अशी रचना तयार झाली.

हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे, की त्यात अंगण आहे हेच आपण विसरलो आहोत.

१९५७ मध्ये दोघी बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, थेट आदिवासी पाड्यांच्या मधोमध. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरलीनं शेजारच्या वर्गात बसावं, संध्याकाळी त्याला घेऊन घरी जावं. जी पोरं गुरं राखायला जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरं जिथं चरतात तिथं शिक्षक जाणार. बोर्डीला जे अंगणात सुचलं तेच इथं कुरणात नेलं. पासष्टीच्या ताराबाई टेकडीवर राहत होत्या, आणि हळूहळू एकेक काम अनुताईंच्या हाती देत होत्या. हे सोपवणंही मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मोठ्या माणसांची कामं बहुधा त्यांच्याबरोबरच संपतात. अनुताईंनी हे काम पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरपर्यंत, चालवलं.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना तेहतीस ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव पडलं अंगणवाडी. आज देशात जवळजवळ चौदा लाख अंगणवाड्या आहेत. या योजनेनं कुपोषणाशी जी लढाई दिली, लसीकरण घरोघर नेलं, त्याबद्दल मनात आदरच आहे. आमच्या गल्लीतली अंगणवाडीताई तुटपुंज्या मानधनावर जे करते ते मी रोज पाहतो. पण तिच्या हाती वजनकाटा आहे, आहार आहे, मोबाइलवर भरायची माहिती आहे, आणि मुलांबरोबर बसून शिंपले मांडायला वेळ नाही. रजिस्टर माणसाला कसं खातं हे बँकवाल्याला सांगावं लागत नाही.

आता माझ्या रजिस्टरकडे येतो.

चरित्र मिटल्यावर मी तो आराखडा पुन्हा पाहिला. त्यात आजोबा काय शिकवणार हे सगळं होतं, नात काय करणार ते कुठेच नव्हतं. मी घरात शाळा मांडायला निघालो होतो, वेळापत्रकासकट. ताराबाईंनी शाळाच घराच्या अंगणात आणून बसवली होती. दोन्ही गोष्टी कानाला सारख्या लागतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणखी एक गोष्ट टोचत होती. ती लिहायची की नाही, यावर बरेच दिवस घालवले. डहाणूहून माझी बदली एका मोठ्या शहरात झाली आणि चौथ्या वर्षी मुलाला आम्ही तिथल्या एका बालवर्गात घातलं. तो डावखुरा. डाव्या हातानं पेन्सिल धरली की तिथं त्या हातावर पट्टी बसायची. तो घरी येऊन रडला तेव्हा मी शाळेत गेलो नाही. उलट रोज संध्याकाळी त्याचा उजवा हात माझ्या मुठीत धरून चार ओळी गिरवून घेतल्या. त्याचा डावा हात तो पाठीमागे लपवून बसायचा. कोसबाडचं ते झाड पाहून तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. आज तो उजव्या हातानं उत्तम लिहितो, मोठ्या हुद्द्यावर आहे, त्यानं कधी तक्रार केली नाही. नातही डावखुरी आहे. आणि वर्षाचा आराखडा करायला त्यानं मलाच सांगितलं होतं.

तर नव्यानं सुरुवात केली. वर्षाचे रकाने महिन्यांऐवजी हंगामांनी पडले, कारण राहात्यात वर्ष तसंच चालतं. जूनमध्ये परसात भुईमूग, मका आणि भेंडी लावली. किती दिवसांनी कोंब आला हे तिनं भिंतीवर खडूच्या रेघांनी मांडलं. पंचवीसपर्यंत मोजणं त्या भिंतीवर झालं. पेरू आले तेव्हा ओळखीच्या बागेतून टोपली यायची, ती परातीत ओतायची आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळ लावायची. हाच आमचा गुलाबी मनोरा. वासानं पिकलेला ओळखायचा, डोळे मिटून बोटांनी कच्चा. माळ्यावर सौ.च्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची, जुनी मापं सापडली. चिपटं, मापटं, शेर, पायली. ज्वारीच्या पोत्याशी बसून दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिनं चार दिवस ओतून ओतून शोधून काढलं. मी सांगणार होतो. सौ.नं डोळे वटारले म्हणून गप्प राहिलो. गप्प राहणं हा या वर्षातला माझा सगळ्यात अवघड विषय.

मुळाक्षरांसाठी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणला, पुठ्ठ्यावर अक्षरं कापून चिकटवली. पहिलं अक्षर तिच्या नावाचं, दुसरं आजीच्या. क्रम बिघडला तर बिघडला. वाटाणे सोलणं, बटणं लावणं, तांब्यातलं पाणी न सांडता पेल्यात ओतणं, सूप धरणं, या कामांनी बोटांत जोर आला. दुपारी गोष्ट, रोज एक, आणि तीच हवी असेल तर तीच.

एक मात्र लवकर कळलं. एकटं मूल आणि दोन म्हातारे, ही अंगणवाडी नव्हे. ताराबाईंच्या अंगणात पोरांचा घोळका होता, आणि आईनं एकटीनं सगळं करावं असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. शिवाय मोठं अंगण आणि पेन्शनवर बसलेले आजी-आजोबा प्रत्येक घरी नसतात. म्हणून गल्लीतली तीन मुलं रोज सकाळी दहा ते साडेअकरा आमच्याकडे यायला लागली. भांडणं झाली, एक पेरू एकाच्या कपाळावर बसला. पण माझ्या रकान्यांत जे कधीच आलं नसतं ते, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबणं, त्यांनी एकमेकांना शिकवलं.

दिवाळीनंतर गळिताचा हंगाम सुरू झाला. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात आमच्याच तालुक्यातल्या लोणीची, त्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्यांचं इथं नवल नाही. आमच्या घरामागच्या रानात बीडकडच्या चार कुटुंबांच्या कोप्या पडल्या. एक दिवस सात-आठ वर्षांची एक मुलगी कुंपणापाशी उभी राहून मुलांचा खेळ बघताना दिसली. कडेवर वर्षाचा भाऊ. मी तिला आत बोलावलं. ती मान हलवून मागे सरली. सौ. बाहेर आली, तिनं भावासाठी सतरंजीवर जागा केली, हातात पळी दिली, आणि मगच बहीण आत आली. ती आल्यावर आमच्या नातीला पहिल्यांदा कळलं, की शंभरच्या पुढे मोजता येतं. त्या मुलीला मोळ्या मोजायची सवय होती.

बोर्डीची गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. ती माझ्या कुंपणाशी येऊन उभी राहिली तेव्हाही मला ओळखू आली नव्हती. सौ.ला आली, तिनं तर ते पुस्तक वाचलेलंही नाही.

फेब्रुवारीत मुलगा आणि सून चार दिवस येऊन गेले. मुलगा ओट्यावर चहा घेत बसला होता. अंगणात सहा पोरं. नात खडूनं फरशीवर ऊस काढत होती, उंचच उंच, पेरं मोजून, अर्थात डाव्या हातानं. मुलगा बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग त्यानं कप उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. सौ.नं आतून हरभऱ्याचे डहाळे आणून ठेवले होते. त्यातली एक जुडी मुलापुढे टाकली, एक मी घेतली, आणि आम्ही घाटे सोलायला बसलो.